फियाट उचलली त्या दुपारी

गाडीचं नाक एकदम वर उचललं गेलं, तेव्हा मी मागच्या सीटवर आडवी होते. केस मोकळे, चपला खाली पडलेल्या, पदर गोळा करून उशाला घेतलेला. क्षणभर वाटलं, भूकंपच झाला. मग खालून साखळ्यांचा खडखडाट आला आणि अगदी कानाशी कुणीतरी ओरडलं, "अजून घे, अजून घे! बस्स!"

गाडीवर जाड खाकी कव्हर होतं, सुतळीनं आवळून बांधलेलं. त्यामुळे मला बाहेरचं काही दिसत नव्हतं आणि बाहेरच्यांना मी. ऐकू मात्र सगळं येत होतं. गल्लीतल्या दोन-चार खिडक्या उघडल्या. मग आमच्या गॅलरीतून सासूबाईंचा आवाज आला.

"अहो, काय करताय? आमची गाडी आहे ती! मालक घरात नाहीत!"

"मावशी, तीन वेळा स्टिकर लावला आणि तिन्ही वेळा तुम्ही फाडलात. आता गाडी डेपोत मिळेल."

"अहो, पण तेच गेलेत ना तुमच्या महापालिकेत! अर्ज द्यायला!"

"मग तिथंच सांगतील त्यांना."

कुणीतरी हसलं. गाडीपाशी माणसं जमली होती; कव्हरच्या पलीकडे त्यांच्या चपलांचे आवाज येत होते. मी उठून बसले आणि काचेवर मारायला मूठ उचलली. एक ठोसा पुरला असता. क्रेन थांबली असती, कव्हर निघालं असतं, मला बाहेर काढलं असतं.

आणि सगळ्या गल्लीसमोर, मोकळ्या केसांनी, भर दुपारी मी बंद गाडीतून उतरले असते. सासूबाई गॅलरीतून बघत असत्या. 'सून गाडीत काय करत होती?' याचं उत्तर मला त्या रात्रीपासून जन्मभर देत बसावं लागलं असतं. आणि दुसऱ्या दिवशी गाडीच्या त्या मागच्या दाराला कुलूप लागलं असतं.

माझी मूठ तशीच हवेत होती. तेवढ्यात गाडी हलली.

ती फियाट माझ्या सासऱ्यांची. त्यांना सगळे भाऊ म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती जुनी घेतली, वर्षभर हौसेनं चालवली, मग इंजिन बसलं. तेव्हापासून ती आमच्या इमारतीसमोर, तेलाच्या गिरणीच्या भिंतीपासून हातभर सोडून उभी होती. "दिवाळीला इंजिन काढून घेतो," असं भाऊ दर गणपतीत म्हणत. टायर हवा जाऊन बसले होते. तरी रोज सकाळी कव्हर सोडून ते गाडी पुसत आणि पुन्हा बांधून ठेवत. चोरी होईल म्हणून काचा खालीवर करायची हँडलं काढून त्यांनी कपाटात ठेवली होती.

त्या उन्हाळ्यात शहरात बेवारस गाड्या उचलायची मोहीम निघाली. आमच्या फियाटवर स्टिकर लागला, त्या दिवशी भाऊ जेवले नाहीत.

"बेवारस?" ते ताटावरून उठत म्हणाले. "मी जिवंत असताना माझी गाडी बेवारस?"

त्यांनी महापालिकेत अर्ज केला. ज्यानं तो घेतला त्यानं सांगितलं, हे आमच्याकडे नाही, वाहतूक शाखेत द्या. वाहतूक शाखेनं पुन्हा महापालिकेत पाठवलं. तिथं एक साहेब म्हणाले, "काका, गाडी चालू करून दाखवा, लगेच नाव काढतो." भाऊ घरी येऊन म्हणाले, "उद्या मला म्हणतील पळून दाखवा, नाहीतर उचलून नेतो." आम्ही हसलो, पण ते हसले नव्हते.

माझं लग्न होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. तीन खोल्यांत सासू, सासरे, मोठे दीर, जाऊ, त्यांची दोन मुलं आणि आम्ही दोघं. माझा नवरा मुकुंद पतसंस्थेत होता, सकाळी जायचा तो संध्याकाळी यायचा. आम्ही मधल्या खोलीत झोपत असू, आणि ती खोली म्हणजे मोरीकडे जायचा रस्ता होता. मला कुणी कधी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. सासूबाई एवढंच म्हणत, "हेमा, जरा डोळ्यांसमोर राहत जा." मी गॅलरीत गेले की जाऊ हाक मारी. गच्चीवर गेले की धाकटी पुतणी मागून येई, 'काकू काय करतेय' ते बघायला. मोरीत जरा वेळ लागला तर बाहेरून विचारणा व्हायची.

एकदा वादळात गाडीचं कव्हर उडालं. भाऊंना ताप होता, म्हणून बांधायला मला पाठवलं. बांधताना भिंतीकडच्या मागच्या दाराला धक्का लागला आणि ते उघडलं. त्याचं कुलूप बिघडलेलं होतं, हे भाऊंनाही ठाऊक नसावं. मी सहज आत बसले, दार ओढून घेतलं. पाण्यात डोकं बुडवल्यावर होतं तसं सगळं एकदम शांत झालं.

त्यानंतर मी रोज दुपारी जाऊ लागले. सगळ्यांचा डोळा लागला की वाळत घातलेलं काढायच्या निमित्तानं खाली उतरायचं, भिंतीकडची सुतळी सैल करून तिथून आत शिरायचं. गाडीवर शिरीषाच्या झाडाची सावली असायची, तरी आत उकडायचंच. पण माझं काही अडत नव्हतं.

आता तीच गाडी मला घेऊन चालली होती. पुढची बाजू वर, मागची खाली. मी सीटच्या कोपऱ्यात दाबली गेले होते. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला खालून ठोका बसत होता. सुरुवातीला वळणं मोजून कुठं चाललोय ते ओळखायचा प्रयत्न केला. बाजाराचा गोंगाट आला, मग रेल्वे फाटकाची घंटा वाजली. त्यापुढे मला काही कळेना. एकदा गाडी सिग्नलला थांबली तेव्हा शेजारी स्कूटरवर नवरा-बायकोचं भांडण चाललेलं स्पष्ट ऐकू आलं. तेव्हा तरी ओरडायला हवं होतं. मनात म्हटलं, पोचू दे. तिथं आपल्याला कुणी ओळखत नाही. हे लोक गेले की गुपचूप उतरू, रिक्षा करू, चहाच्या वेळेपर्यंत घरी.

गाडी थांबली. नाक खाली आपटलं. मग कुणीतरी मागून ढकलत, "दाब अजून, दाब, आज जागा नाही," असं म्हणत तिला कुठंतरी घुसवलं. दोन्ही बाजूंनी पत्र्याला पत्रा घासल्याचा आवाज झाला. क्रेन निघून गेली.

मी केस बांधले, चपला घातल्या, पदर नीट केला आणि दार ढकललं. ते बोटभर उघडून अडलं.

पुन्हा ढकललं. फटीतून बघितलं तर पलीकडे एका मोडक्या बसची बाजू होती, अगदी टेकलेली. दुसऱ्या बाजूचं दार तर सरकलंच नाही. पुढच्या सीटवर चढून तिथली दारं बघितली. एका बाजूला तीच बस, दुसऱ्या बाजूलाही काहीतरी टेकलेलं. काचा खाली घ्यायला हँडलं नव्हती. ती कपाटात होती.

इथं शिरीष नव्हता. कव्हरवर सरळ ऊन पडत होतं आणि आत क्षणाक्षणाला भट्टी होत चालली होती. मी ओरडले. आधी हळू, कुणी परकं ऐकेल अशा संकोचानं. मग मोठ्यानं. "कुणी आहे का? मला बाहेर काढा!" कव्हर सगळा आवाज पिऊन टाकत होतं. मी काचेवर मुठी मारल्या, चपलेनं मारलं. बाहेर फक्त कावळे ओरडत होते.

किती वेळ गेला, सांगता येणार नाही. घामानं ब्लाउज भिजलं आणि नंतर घाम यायचाही थांबला. जीभ टाळूला चिकटली. डोळ्यांसमोर बारीक ठिपके नाचायला लागले. त्यात एक वेडा विचार मनात आला. आता चहाची वेळ झाली, आता मला हाक मारतील. हाकेला ओ आली नाही की शोधतील. शोधतीलच. आणि मग जाणवलं, की शोधणार कुठे? मी कुठं असते हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तसं ते ठाऊक नसावं म्हणून मीच वर्षभर धडपडत होते.

तेवढ्यात घुंगरांचा आवाज आला. रसवंतीच्या गाड्यावर उसाच्या चरकाला बांधतात, तसले घुंगरू. मला वाटलं, कानात वाजतायत. पण ते पुन्हा वाजले, लांब, आणि एका बाईचा खोकलाही ऐकू आला.

मी सीटवर उताणी झाले, दोन्ही पाय मागच्या काचेला लावले आणि जिवाच्या करारानं लाथा मारू लागले. त्या काचेभोवतीचं रबर उन्हानं भुगा झालेलं होतं. एका कोपऱ्यातून ते सुटलं. पुढच्या लाथेला टाच सरकली, कापली, पण काच एका बाजूनं बाहेर झुकली आणि कव्हरमध्ये अडकून राहिली. त्या फटीतून मी ओरडले. तो आवाज मलाच माझा वाटला नाही.

घुंगरू थांबले.

"कोण हाय?" बाई लांबूनच म्हणाली. "भूत हाय का मानूस?"

"माणूस आहे! गाडीत! कव्हर काढा!"

ती धावत आली. सुतळी सुटेना, तेव्हा तिनं कव्हर दोन्ही हातांनी टरटरा फाडलं. तो उजेड मला अजून आठवतो. पन्नाशीची, काळीसावळी, कासोट्याचं लुगडं नेसलेली बाई बोनटसारख्या त्या डिकीवर गुडघे टेकून आत बघत होती.

"अगं माझे बाई! मान्सासकट उचलली?"

तिनं मला काखेत हात घालून बाहेर ओढलं. डिकीवरून मी घसरत जमिनीवर आले आणि तिथंच बसले. तिनं आपल्या बाटलीतलं पाणी आधी माझ्या डोक्यावर ओतलं, मग प्यायला दिलं.

तिचं नाव मालनबाई. तिचा रसवंतीचा गाडा अतिक्रमणवाल्यांनी उचलून आणला होता. रोज एक साहेब दुसऱ्याकडे पाठवत होता, आणि रोज रात्री गाड्याचा एकेक भाग गायब होत होता. म्हणून ती दुपारभर चरकाशेजारी बसून राही.

"वॉचमनला सांगते," ती म्हणाली. "मान्सासकट गाडी उचलत्यात म्हंजे काय? पेपरात देऊ."

"नको," मी तिचा हात धरला. "कुणाला सांगू नका. मला फक्त रिक्षा बघून द्या."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "घरच्यांनी कोंडलं व्हतं का तुला?"

"नाही हो. मी आपली बसले होते."

"बसली व्हतीस," तिनं नुसतं परत म्हटलं. मग फाटलेल्या कव्हरची एक पट्टी काढून माझ्या टाचेला बांधली आणि मला उठवलं.

आम्ही गाड्यांच्या रांगांमधून फाटकाकडे निघालो. काय तो पसारा! नाक चेपलेल्या मोटारी, चाकं गेलेल्या रिक्षा, एकमेकींवर फेकलेल्या स्कूटरी. फाटकाजवळ पत्र्याची चौकी होती. तिच्या आडोशाला पोचलो आणि मला ओळखीचा आवाज ऐकू आला.

"बेवारस म्हणता? मी इथं उभा आहे! मी वारस! मालक!"

भाऊ होते. शेजारी मुकुंद. सासूबाईंनी पतसंस्थेत फोन केला असणार आणि मुकुंदनं भाऊंना महापालिकेतून उचलून आणलं असणार. चौकीतला माणूस खुर्चीतून न उठता सांगत होता, "आरसी बुक दाखवा, मग बोला. कागदाशिवाय गाडीला हात लावू देणार नाही. पंधरा दिवसांनी लिलाव."

"आरसी बुक घरी आहे," मुकुंद म्हणाला. त्याच्याकडे पतसंस्थेनं दिलेला मोबाईल होता, तेव्हा ते नवे होते. त्यानं घरी फोन लावला. आम्ही चौकीच्या मागे होतो, चार पावलांवर. त्याचं प्रत्येक वाक्य मला ऐकू येत होतं.

"आई, कपाटातलं आरसी बुक पाहिजे. हेमाला माहितीय कुठं ते. तिला फोन दे... नाहीये? ... बरं, आली की सांग. ते दादाबरोबर पाठव."

"काय झालं?" भाऊंनी विचारलं.

"हेमा दिसत नाही म्हणते आई."

"म्हणजे?"

"असेल म्हणते इथंच कुठंतरी. जाणार कुठे?"

"ते खरं," भाऊ म्हणाले, आणि पुन्हा चौकीतल्या माणसाकडे वळले.

मालनबाई माझ्या कानाशी कुजबुजली, "ह्येच का तुझे लोक?" मी मान हलवली. "मागच्या बाजूनं कुंपण तुटलंय. तितनं निघू. रिक्षात बसलीस की ह्यांच्या आदी घरी पोचशील. कुनाला कळायचं न्हाई."

खरंच होतं ते. तासाभरात मी ओट्याशी उभी राहिले असते. टाचेचं काहीतरी सांगितलं असतं. फुटलेल्या काचेचा दोष महापालिकेवर गेला असता आणि तो सगळ्यांना पटला असता. हे सगळं मला एका क्षणात दिसलं. मालनबाई कुंपणाकडे वळलीही होती. पण माझे पाय तिकडे जाईनात. घरी जायचा रस्ता मोकळा होता आणि मघाशी गाडीत कोंडला होता तसाच श्वास माझ्या छातीत कोंडला होता.

मी चौकीला वळसा घालून समोर गेले.

"मी इथं आहे," म्हटलं.

मुकुंदनं फोन हातात तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. ओले केस, काळं तोंड, टाचेला खाकी चिंधी. "तू? तू इथं कशी आलीस?"

"फियाटमधून."

"फियाटमधून म्हणजे?"

"मी आत होते. गाडी उचलली तेव्हा."

चौकीतला माणूस खुर्चीतून उठला. "ओ बाई, काहीतरी आरोप करू नका. आमची माणसं बघून उचलतात."

त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. भाऊ लांबवर, रांगेतल्या आपल्या गाडीकडे बघत होते. फाटलेलं कव्हर, बाहेर लोंबणारी काच.

"काच कुणी फोडली?" त्यांनी विचारलं.

"मी."

"का?"

"दारं उघडत नव्हती, भाऊ. मी मेले असते."

त्यांच्या कपाळावरची शीर उडत होती. मुकुंद जवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला, "पण तू गाडीत कशाला गेली होतीस?"

"रोजच जाते. दुपारी."

"रोज?" त्यानं एकदा वडिलांकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी ओळखलं, आणि विचारू नये असं मनापासून वाटलं. पण त्यानं विचारलंच. "कोण असायचं तिथं?"

"कुणी नाही."

"खरं सांग हेमा. एकटीच असायचीस?"

"हो," मी म्हटलं. "एकटं बसायलाच जात होते."

त्याला ते कळायला वेळ लागला. मला वाटतं, मलाही. तोवर मी स्वतःशीसुद्धा तसं म्हटलं नव्हतं. थकवा येतो, जरा पाठ टेकते, एवढंच म्हणत असे. मालनबाई येऊन माझ्या मागे उभी राहिली.

"घरी चल," भाऊ म्हणाले. "घरी बघू काय ते."

"घरी नाही येत मी. ताईकडे जाते. जागा नाही त्या घरात."

"जागा नाही? आम्ही सगळे राहतो ते?"

मी लंगडत फाटकाबाहेर पडले. मुकुंदनं मला रिक्षात बसवून दिलं. रिक्षा निघताना तो दांडा धरून दोन पावलं बरोबर चालला, काहीतरी बोलायचं होतं त्याला, पण मागून भाऊंनी हाक मारली आणि तो थांबला.

फियाट परत आली नाही. आरसी बुकावर आधीच्या मालकाचंच नाव होतं, तो माणूस वारलेला. त्याच्या मुलांचा शोध लागेपर्यंत लिलाव झाला आणि भंगारवाल्यानं गाडी कापली. भाऊ मात्र थांबले नाहीत. ते कोर्टात गेले, वर्षानुवर्षं तारखांना जात राहिले, आणि शेवटी निकाल त्यांच्या बाजूनं लागला. नोटीस नीट बजावली नव्हती, गाडी परत करावी, असं कोर्टानं सांगितलं. तो निकाल ऐकून भाऊंनी महापालिकेच्या वकिलाला विचारलं म्हणे, "कुठून आणणार?" माझ्याशी ते त्या दिवसाबद्दल कधीच बोलले नाहीत. मीही नाही.

ताईकडे, माझ्या थोरल्या बहिणीकडे, मी उरलेला उन्हाळा राहिले. मुकुंद दर रविवारी यायचा, तिच्या नवऱ्याशी क्रिकेटवर बोलायचा आणि जायचा. आषाढात एकदा आला तो एक किल्ली घेऊन. गावाबाहेरच्या वस्तीत, पत्र्याच्या छपराची एकच खोली. घरात काय सांगितलंस, असं मी विचारलं. तो म्हणाला, "सांगितलं. दोन दिवस कुणी बोललं नाही माझ्याशी."

सामान लावून झालं तेव्हा दुपार झाली होती. तो कोपऱ्यावरच्या नळावर पाण्याला गेला. मी दार लावलं, कडी घातली आणि फरशीवर बसले. थोड्या वेळानं बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग दारावर टकटक झाली.

माझ्यासाठी कुणी दार वाजवायची ती पहिलीच वेळ.

"कोण?" मी विचारलं.

"मी," तो म्हणाला. जरा थांबून पुढे म्हणाला, "आत येऊ?"

"थोडा वेळ थांब," मी म्हटलं.

तो बाहेर पायरीवर बसला. मी पाय पसरले, भिंतीला डोकं टेकलं, आणि मनाची पुरती तृप्ती होईपर्यंत तशीच बसून राहिले. मग उठून कडी काढली.